सॅलमँडरच्या कातडीतले विष आणि आगीची ज्योत: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील शाळकरी मुलीने पावसानंतर जंगलातल्या वाटेवर दिसलेला काळा-पिवळा फायर सॅलमँडर उचलून हातात घेतला. त्याच्या कातडीतले विष कितपत धोक्याचे असते, हा प्राणी आगीत जळत नाही किंवा आग विझवतो या जुन्या समजुतीमागे त्या विषाचा काही हात आहे का, आणि मुलीला या विषयावर 'युगेंड फोर्श्ट' या विज्ञानस्पर्धेसाठी प्रयोग करायचा असेल तर तो कसा करावा, असे तिच्या आईने विचारले आहे. माझे काम ज्वलनाच्या प्रयोगशाळेतले, विशेषतः ज्योत कशाने विझते हे तपासण्याचे आहे. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग आगीचा असेल, पण सुरुवात मुलीच्या हातापासूनच करायला हवी.

धडधाकट, न खरचटलेल्या त्वचेला या स्रावाचा सहसा फारसा त्रास होत नाही. साबणाने हात स्वच्छ धुवावेत आणि ते धुण्याआधी डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नयेत. डोळ्यात किंवा तोंडात गेल्यास मात्र चांगलीच आग होते. अशा वेळी भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांना दाखवावे. बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठीचे विषमाहिती केंद्र फ्रायबुर्गला आहे आणि तिथे फोनवर सल्ला मिळतो. घरात कुत्रा असेल तर त्याच्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते, कारण कुत्रा प्राणी तोंडात धरतो आणि तोंडाच्या ओल्या आवरणातून विष सहज शरीरात उतरते. लाळ गळणे, मान ताठणे, झटके येणे अशी लक्षणे दिसली तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

हा प्राणी पालीसारखा दिसला तरी पालीचा किंवा सरड्याचा जवळचा नातलग नव्हे. तो उभयचर आहे, म्हणजे बेडकाच्या गोतातला. अंगावर खवले नाहीत, कातडी उघडी आणि सदा ओलसर. महाराष्ट्रात सॅलमँडर आढळतच नाहीत. भारतात या गणातले प्राणी पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे, दार्जिलिंगच्या डोंगरांपासून मणिपूरपर्यंत सापडतात, म्हणून आपल्याकडे लहानपणापासून याची ओळख नसते. फायर सॅलमँडरच्या कातडीत दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. एका तऱ्हेच्या ग्रंथी बुळबुळीत, पाणीदार श्लेष्म सोडतात आणि कातडी ओली ठेवतात; दुसऱ्या, दाणेदार ग्रंथींमध्ये विष साठते. या विषग्रंथी डोळ्यांमागच्या फुगवट्यात आणि पाठीच्या मधोमध रांगेने असतात. फारच छेडले तर हा प्राणी पाठीवरच्या ग्रंथींवर दाब आणून विषाची बारीक चिळकांडी उडवतो. दोन तऱ्हेच्या ग्रंथींचा हा फरक लक्षात ठेवावा, कारण आगीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

त्या विषाचा अभ्यास दीडशे वर्षांहून जुना आहे. झालेस्की या संशोधकाने १८६६ मध्ये त्याला सॅमंडरिन हे नाव दिले. पुढे जर्मनीतल्याच डार्मश्टाट येथे क्लेमेन्स श्योप्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे त्याची रचना उलगडण्याचे काम केले आणि १९६१ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ती पक्की झाली. रेणूत १९ कार्बन, ३१ हायड्रोजन, १ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू आहेत. सांगाडा स्टेरॉइडचा आहे, पण त्याचे पहिले कडे नेहमीच्या सहा अणूंऐवजी सात अणूंचे असून त्यात नायट्रोजन बसलेला आहे, आणि ऑक्सिजनचा एक पूल ते कडे आडवे जोडतो. सॅमंडरोन, सॅमंडरिडिन अशी त्याची भावंडेही त्याच स्रावात असतात. गेर्हार्ड हाबरमेल यांच्या कामातून दिसून आले की सॅलमँडर हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेले हे सेंद्रिय विष, स्वतःच्या शरीरातल्या कोलेस्टेरॉलपासून घडवतो. दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांचे तसे नसते. ते आपले विष मुंग्या आणि कोळीवर्गीय किड्यांतून गोळा करतात आणि काचपेटीत साध्या अन्नावर वाढवले की निर्विष राहतात. सॅलमँडर मात्र बंदिवासातही विषारीच राहतो. पिवळे डाग जितके मोठे तितके विष जास्त, हा तर्क मोहक आहे, पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिवळ्या रंगाचे प्रमाण आणि अल्कलॉइडचे प्रमाण यांचा मेळ बसला नाही.

सॅमंडरिन मध्यवर्ती मज्जासंस्थेवर काम करते. आधी झटके, वाढलेला रक्तदाब, धाप, आणि शेवटी श्वसनाचा पक्षाघात असा त्याचा क्रम प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅरिका या सॅलमँडरवर्गीय न्यूटांमध्ये वेगळे विष असते, ते म्हणजे फुगू माशात आढळणारे टेट्रोडोटॉक्सिन. ते मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या बंद करते आणि शिजवूनही नाहीसे होत नाही. १९७९ मध्ये ओरेगनमध्ये एका तरुणाने असा एक न्यूट गिळला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. ही दोन्ही विषे मिलिग्रॅमच्या मापात प्राणघातक ठरतात, याचे कारण एकच: जिवंत मज्जासंस्थेत त्यांना नेमकी बसण्याची जागा असते. ती जागा अडली की सारा व्यवहार ठप्प होतो.

आता आगीकडे वळतो. ॲरिस्टॉटलने लिहिले की सॅलमँडर आगीतून चालला की आग विझते; पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने त्यापुढे जाऊन त्याला बर्फासारखा थंड ठरवले. मात्र त्याच पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या वैद्याने ही गोष्ट मानली नाही आणि आगीत टाकलेला सॅलमँडर जळतो असेच नोंदवले. हा वाद आपण आकड्यांनी तपासू शकतो, आणि माझ्या मते तोच खरा मार्ग आहे.

पूर्ण वाढलेल्या फायर सॅलमँडरचे वजन २० ते ३० ग्रॅम धरू. त्याने अंगावर १ ग्रॅम स्राव सोडला आणि तो सगळा पाणीच आहे असे मानू. जंगलातल्या गारव्यातले १ ग्रॅम पाणी उकळून त्याची वाफ व्हायला सुमारे २.६ किलोज्यूल उष्णता लागते. चार-पाच ओंडक्यांची शेकोटी १० किलोवॉटच्या आसपास उष्णता सहज देते, म्हणजे दर सेकंदाला १० किलोज्यूल. त्या १ ग्रॅम पाण्याने शोषलेली उष्णता शेकोटी पाव सेकंदात भरून काढते. प्राण्याच्या अंगातले सगळेच्या सगळे, २० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले तरी हिशेब पाच सेकंदांच्या आसपासच राहतो. पाण्याच्या बळावर सॅलमँडर शेकोटी विझवणार नाही हे इथेच स्पष्ट होते.

पण आग केवळ थंड करूनच विझते असे नाही, आणि आपल्या प्रश्नातला खरा गाभा मला इथे दिसतो. ज्योतीत इंधन आणि ऑक्सिजन थेट एकमेकांशी भिडत नाहीत. मध्ये हायड्रोजनचे सुटे अणू, ऑक्सिजनचे सुटे अणू आणि हायड्रॉक्सिल असे अतिक्रियाशील मूलक असतात. हायड्रोजनचा एक अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की एकाचे दोन मूलक होतात, त्या दोहोंतून आणखी निघतात, आणि या फुटत जाणाऱ्या साखळीवर ज्योत जगते. ही साखळी तोडणारे पदार्थ आहेत. हॅलॉन १३०१ हा आग विझवणारा वायू त्यांतला प्रसिद्ध पदार्थ. त्यातला ब्रोमीन हायड्रोजनच्या सुट्या अणूंना पकडून निरुपद्रवी रेणूंत जोडतो, स्वतः मोकळा होतो आणि पुन्हा तेच काम करतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९४ पासून बंद झाले, पण त्याचे रसायन आम्ही आजही मोजपट्टीसारखे वापरतो.

त्याची ताकद पाहायची साधी सोय म्हणजे कप-बर्नर. सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचा काचेचा कप, त्यात काठोकाठ हेप्टेन हे पेट्रोलसारखे द्रव इंधन, भोवती काचेचे रुंद नळकांडे आणि खालून संथ वर येणारी हवा. ज्योत पेटवली की ती कपाच्या कडेला घट्ट धरून बसते आणि तिचे पिवळे टोक सेकंदाला दहाएक वेळा लपलपत राहते. मग हवेत थोडा थोडा विझवणारा वायू मिसळत जायचा. बराच वेळ काही घडत नाही. नंतर ज्योतीचा पायथा, जिथे ती निळी आणि पातळ असते, काठापासून किंचित सुटतो, पुन्हा बसतो, पुन्हा सुटतो. कपाच्या कडेवर ती निळी कडी डळमळू लागते, आणि एका क्षणी पूर्ण ज्योत वर उचलली जाऊन नाहीशी होते. हे घडवायला नायट्रोजन सुमारे ३० टक्के लागतो, कार्बन डायऑक्साइड सुमारे २० टक्के आणि हॅलॉन १३०१ मात्र ३ टक्क्यांच्या जवळपास पुरतो. ज्योत विझते ती टोकाकडून नव्हे, पायथ्याकडून, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावतो; कारण आग विझवण्याचे निम्मे शहाणपण त्या कडेवरच्या दोन-तीन मिलिमीटरांत आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो: सॅमंडरिन ज्योतीसाठी हॅलॉनसारखे काम करू शकेल का? मज्जासंस्थेत मिलिग्रॅमने भागते, तसे ज्योतीत भागेल का? उत्तर ठामपणे नाही असे आहे. साखळी तोडायला सहसा ब्रोमीनसारखा हॅलोजन लागतो किंवा लोह, सोडियम, पोटॅशियम यांसारखा धातू लागतो. सॅमंडरिनमध्ये यातले काहीच नाही. त्यात आहेत ते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि एकुलता नायट्रोजन. ज्योतीच्या उष्णतेत त्याचे ते कष्टाने उलगडलेले सात अणूंचे कडे क्षणार्धात तुटते आणि तुकडे जळून जातात. मज्जासंस्थेवर रेणूचा नेमका आकार काम करतो. ज्योत आकार टिकूच देत नाही, तिला फक्त अणू कळतात. हिशेबच करायचा तर १ मिलिग्रॅम सॅमंडरिन जळून सुमारे ३५ ज्यूल उष्णता मिळेल. म्हणजे आगीच्या दृष्टीने हे विष इंधनातच जमा होते.

स्रावातल्या क्षारांचा मुद्दा इथे जोडून सांगतो, कारण तो पाहणाऱ्याला फसवू शकतो. कोणताही ओला जैविक पदार्थ निळ्या ज्योतीत धरला की ज्योत एकदम गडद पिवळी-केशरी होते. तो रंग त्यातल्या सोडियमचा असतो, ५८९ नॅनोमीटरच्या जवळचा. सोडियम-पोटॅशियमची संयुगे ज्योत दाबतात हे खरे आहे आणि पोटॅशियम बायकार्बोनेटची भुकटी अग्निशामकांत वापरलीही जाते. मात्र तिथे किलोने भुकटी फेकली जाते. सॅलमँडरच्या अंगावरच्या क्षारांनी ज्योतीचा रंग बदलेल, तिचे बळ कमी होणार नाही.

मग ही समजूत निव्वळ हवेतून आली का? तसेही मला वाटत नाही. फायर सॅलमँडर दिवसा आणि थंडीत कुजक्या, पाणी धरलेल्या लाकडांच्या पोकळीत लपतो. असा ओंडका शेकोटीत टाकला की आतला प्राणी उष्णतेने जागा होऊन बाहेर पडतो, आणि पाहणाऱ्याला तो ज्वाळांतून जन्मल्यासारखा दिसतो. त्यातही महत्त्वाचे हे की तो ओंडका मुळातच नीट जळणारा नसतो. कोरड्या लाकडाच्या १ किलोतून १८ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. निम्मे वजन पाण्याचे असेल तर हातात ८ मेगाज्यूलच राहतात आणि त्या पाण्याची वाफ ज्योतीलाही थंड करते. प्राण्याच्या अंगावर पाणी ग्रॅमभर, ओंडक्यात शेकडो ग्रॅम. आग मंदावली ती ओंडक्यामुळे, श्रेय मिळाले त्यात राहणाऱ्याला.

याहून बोलकी अशी एक खरीखुरी नोंद आहे, आणि ती मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते. कॅलिफोर्नियात नियंत्रणाखाली लावलेल्या गवताच्या आगीत तिथले टॅरिका न्यूट कमी उंचीच्या ज्वाळांच्या रेषेतून चालत पार झालेले दिसले. हे निरीक्षण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंगावरचा स्राव फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेसाळला, त्याची पांढरी पापडी झाली, आणि ती पुसल्यावर खाली ओली, धड कातडी निघाली. यावर विश्वास ठेवावा का? आकडे सांगतात की ठेवावा. गवताची आग पुढे सरकत जाते. एका जागी ज्वाळा दहा सेकंदांच्या आसपास टिकतात असे धरू. प्रत्येक चौरस मीटरला ३० किलोवॉट उष्णता आणि न्यूटचे आगीसमोर आलेले अंग ४० चौरस सेंटिमीटर मानले, तर त्याच्यावर १२० वॉट पडतात, दहा सेकंदांत १,२०० ज्यूल. ही उष्णता गिळायला अर्धा ग्रॅम पाणी पुरेसे आहे. तेवढा स्राव न्यूटकडे असू शकतो, आणि फेसात अडकलेली हवा उष्णतेला आणखी अडवते. तेलाच्या आगीवर टाकायचा प्रथिनयुक्त फेस आणि पोलादी खांबांवरचे आगीत फुगणारे रंग हे याच तत्त्वावर चालतात. हाच न्यूट निखाऱ्यांच्या शेकोटीत एक मिनिट राहिला तर दुप्पट तीव्रतेची उष्णता सर्वांगावर पडून ८ ग्रॅमच्या आसपास पाणी उडवावे लागेल, आणि तेवढ्यात तो मेलेला असेल. म्हणजे डायोस्कोरिडीस बरोबर होता, आणि ज्वाळांतून प्राणी चालत गेलेला पाहिल्याचे सांगणारा माणूसही खोटारडा असेलच असे नाही. दोघांनी वेगवेगळी सेकंदे पाहिली असतील. यात जे काही संरक्षण आहे ते पाण्याचे आणि प्रथिनांचे आहे. सॅमंडरिन काय किंवा टेट्रोडोटॉक्सिन काय, त्याचा पहारा शिकाऱ्यांच्या दातांपुरता आहे.

आगीहून या कातडीला आज भीती आहे ती एका बुरशीची, आणि म्हणून मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगावी. बॅट्राकोकायट्रियम सॅलमँड्रिव्होरन्स ही बुरशी सॅलमँडरची कातडी अक्षरशः खाऊन भोके पाडते. २०१३ मध्ये तिचे वर्णन झाले तोवर नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर अवघ्या काही वर्षांत सुमारे ९६ टक्क्यांनी घटले होते. पुढे ती जर्मनीत आयफेलच्या डोंगराळ भागातही पोहोचली. प्रयोगशाळेत ज्या अल्कलॉइडांपुढे काही जिवाणू आणि बुरशी थांबतात, तीच अल्कलॉइडे असूनही ही बुरशी थांबत नाही, याचे मला फार वाईट वाटते. ती माणसांच्या बुटांवरच्या ओल्या चिखलातूनही पसरू शकते. तेव्हा सॅलमँडर उचलू नये. जर्मन कायद्यानेही तो संरक्षित आहे. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्यापूर्वी बूट स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावेत.

राहिला प्रयोग. तो प्राण्याविना, त्याच्या स्रावाविनाच करायचा आहे आणि तसा तो उत्तम होतो. अगारची, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीची, बोटाएवढी नळकांडी ओतावीत. प्रत्येकात के प्रकारचा एक बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) पृष्ठभागाच्या अगदी खाली आणि दुसरा मध्यभागी ठेवावा. एक नळकांडे उघडे, एकावर ओल्या कापसाचा पातळ थर आणि एकावर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर. तिन्ही एकाच अंतरावरून ठरावीक वेळ तापवावीत आणि पृष्ठभागाखालचे तापमान ४४ अंशांवर जायला किती सेकंद लागतात ते नोंदवावे. माणसाच्या त्वचेला इजा साधारण तिथूनच सुरू होते. उष्णतेची तीव्रता अंदाजाने न लिहिता मोजावी. त्यासाठी २५ मिलिमीटर व्यासाची, साडेचार मिलिमीटर जाडीची, काजळीने काळी केलेली तांब्याची चकती पुरते; बाजू आणि मागचा भाग उष्णतारोधकाने झाकावा, आणि तिचे तापमान दर सेकंदाला २ अंशांच्या आसपास चढत असेल तर उष्णता प्रत्येक चौरस मीटरला ३० किलोवॉटच्या जवळ आहे असे समजावे.

प्रत्येक नळकांडे तापवण्याआधी आणि नंतर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलावे. वजनातल्या प्रत्येक ग्रॅम घटीला २.६ किलोज्यूल लावले की पाण्याने किती उष्णता गिळली ते कळते, आणि चकतीने दाखवलेल्या तीव्रतेला नळकांड्याच्या तापलेल्या क्षेत्रफळाने आणि वेळेने गुणून येणाऱ्या उष्णतेशी ती ताडून पाहता येते. ओल्या कापसाच्या बाबतीत पाण्याने गिळलेली उष्णता चकतीच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली, तर पाणी वाफ न होता थेंबांनी गळले आहे असे समजावे; खाली आधी तोललेली धातूची ताटली ठेवून ते थेंब धरावेत आणि त्यांचे वजन घटीतून वजा करावे. उष्णता देणारे साधन शिक्षकांच्या देखरेखीखालीच चालवावे, केस बांधलेले असावेत आणि सुती कपडे घातलेले असावेत.